अकरा कुंड्या, एक खिडकी

आमच्या घरात समता एकूण सहा दिवस नांदली आणि त्यात दोन कळ्या गेल्या.

घर दीक्षितपुऱ्यातलं, म्हणजे हिंदी मुलखातल्या एका शहराच्या जुन्या, दाट वस्तीतलं. इथे दोन घरांच्या मध्ये इतकी कमी जागा आहे, की फोडणी शेजारच्या शुक्ला आंटी देतात आणि ठसका आम्हाला लागतो. ऊन आमच्याकडे घाईतल्या पाहुण्यासारखं येतं. बैठकीच्या पूर्वेच्या खिडकीतून साडेआठला आत, अकराला बाहेर, चहासुद्धा न घेता! आणि अशा घरात माझ्या बाबांनी निवृत्तीनंतर छंद निवडला तो ऑर्किड लावण्याचा. माणसं तुळस लावतात, फार तर मोगरा. बाबांनी नारळाच्या शेंड्या, कोळशाचे तुकडे आणि झाडाच्या साली भरलेल्या अकरा कुंड्या आणून ठेवल्या. आई म्हणाली, “माती नाही याच्यात. ही कुंडी आहे का शेगडी?”

बाबा फॅक्टरीत तपासणी विभागात होते. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू उलटसुलट करून पाहायच्या आणि हिरवा नाहीतर लाल ठिपका द्यायचा, यात त्यांची अख्खी नोकरी गेली. अजूनही ते पोळीकडे आधी कडेने बघतात आणि मगच तुकडा मोडतात. (आईने एकदाच विचारलं होतं, “पास का?” बाबा म्हणाले, “किनारीला जाड आहे.” त्या दिवशी बाबांनी उरलेल्या पोळ्या स्वतः लाटल्या.) पण बाबांनी स्वतः घडवलेली एकही वस्तू कधी कुणी तपासली नव्हती, आणि हे त्यांना आतून खात होतं. शहरातल्याच राइट टाउन भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये फेब्रुवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं आणि तिथे परीक्षक भिंग घेऊन येतात, असं त्यांना कळलं. तेव्हापासून त्यांची एकच इच्छा होती. आपलंही काहीतरी कुणीतरी भिंग लावून बघावं!

चार वर्षं अकरा कुंड्यांनी मिळून फक्त पानं दिली. या थंडीत मात्र एका कुंडीतून हिरवा कोंब निघाला. बाबा ओरडले, “मूळ नाही हे, दांडा आहे!” आणि आईला ऑफिसात फोन लावला. जानेवारी संपता संपता दांड्यावर सात कळ्या आल्या. ती कुंडी खिडकीत विराजमान झाली. तिच्यावर बाबांनी पांढऱ्या खडूने बाण काढला. बाणाचं टोक उजेडाकडे.

आणि नेमकं तेव्हाच नागपूरला बाबांच्या पुतणीचं लग्न निघालं. आईला रजा नव्हती, बाबांना जाणं भाग होतं. जाण्याआधी त्यांनी मला खिडकीशी उभं केलं.

“रेवा, हा बाण पाहून राहिली न?”

“हो.”

“हा खिडकीकडे. कायम! कुंडी फिरवायची नाही, हलवायची नाही. सोमवारी अर्धा कप पाणी. रोज कळ्या मोजायच्या. मी आठव्या दिवशी येतो, प्रदर्शन त्याच्या दुसऱ्या दिवशी आहे.”

“काहून नाही फिरवायची?”

“दांडा उजेडाकडे वाढतो. कळ्या तिकडे तोंड करतात, मग सगळी फुलं एका ओळीत, एका दिशेला. फिरवलं की तिचं डोकं फिरतं.”

“आणि बाकीच्या दहा कुंड्या?”

“राहतील कोपऱ्यात. त्यांना काय!”

त्यांना काय! हे दोन शब्द बाबांनी माझ्यासमोर उच्चारायला नको होते.

माझे आजोबा युनियनचं काम करायचे. आमच्या घरी पाळण्यावर खेळणं नव्हतं, पत्रकांचा गठ्ठा होता. मी मुळाक्षरं त्याच पत्रकांवर गिरवली, ‘अ’ अन्यायाचा, ‘आ’ आंदोलनाचा. (अननस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजात होते.) अशा मुलीच्या हवाली घर करून जायचं आणि जाताना एका कुंडीला सिंहासन आणि दहा कुंड्यांना कोपरा द्यायचा, आणि वर ‘त्यांना काय’ म्हणायचं?

बाबांची ट्रेन सुटली असेल-नसेल, मी कागद-पेन घेतलं. खिडकीत ऊन दीडशे मिनिटं. जागा दोन कुंड्यांची. दावेदार अकरा. म्हणजे प्रत्येकी सत्तावीस मिनिटं ऊन! तीन मिनिटं उरत होती, ती मी राखीव ठेवली. शिवाय ऊन एकाच बाजूच्या पानांना का? म्हणून प्रत्येक पाळीला कुंडीला पाव फेरा. मोठ्या अक्षरांत मी वेळापत्रक लिहिलं आणि भिंतीवर चिकटवलं. वर शीर्षक दिलं : ‘सूर्य कुणाच्या बापाचा नाही!’

आई संध्याकाळी ऑफिसातून आली. तिने वेळापत्रक वाचलं, शीर्षक दोनदा वाचलं.

“तुझ्या बापाला विचारलं का?”

“प्रश्न बापाचा नाही आई, तत्त्वाचा आहे.”

“तत्त्व रविवारी येऊन राहिलं नागपूरहून,” आई म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

पहिले दोन दिवस क्रांती जोरात चालली. माझं काम घरूनच असतं, त्यामुळे दर सत्तावीस मिनिटांनी मोबाइलचा गजर, मी उठणार, दोन कुंड्या खाली, दोन वर, पाव फेरा, परत खुर्ची. बूड टेकेपर्यंत पुढचा गजर! बाबांचा फोन रोज रात्री जेवणाच्या वेळी यायचा. “कळ्या किती?” “सात!” मी अभिमानाने सांगायचे. कोपऱ्यातल्या दहा कुंड्यांच्या चेहऱ्यावर मला नवा आत्मविश्वास दिसू लागला होता.

तिसऱ्या दिवशी दांड्याने मान वळवली.

थोडीशीच. मला वाटलं, इकडेतिकडे पाहत असेल. चौथ्या दिवशी त्याचं सरळ सरळ प्रश्नचिन्ह झालं. कळ्यांच्या तर सात दिशा! एक खिडकीकडे, एक टीव्हीकडे, एक स्वयंपाकघराकडे, एक खाली मान घालून कोळशात. मी घाबरून कुंडी उलटी फिरवली, म्हणजे झालेला वाक परत येईल. दुपारपर्यंत काही फरक नाही, म्हणून आणखी अर्धा फेरा. मग वाटलं, नको, होती तीच बाजू बरी. मग ती बाजू कोणती होती हेच आठवेना, आणि बाण होता तिथे माझ्याच अंगठ्याने पुसट डाग राहिला होता!

एवढ्यात शुक्ला आंटी प्रसादाची केळी घेऊन आल्या. कुंडी पाहून त्यांनी गालावर हात ठेवला.

“हाय राम! इसको लकवा मार गया क्या?”

“नहीं आंटी, थोड़ा झुक गया है.”

“अरे बेटा, इसको खुली धूप चाहिए. छत पे रखो, दो घंटे में तन के खड़ा हो जाएगा. हमारे यहाँ पापड़ भी ऐसे ही सीधा होता है.”

पापडाचं उदाहरण ऐकून मी थांबायला हवं होतं. पण मी गच्चीवर! फेब्रुवारीचं गार वारं सुटलं होतं. आंटींनी एका बाजूने कुंडी धरली, मी दुसऱ्या बाजूने, आणि कुठे ठेवायची यावर आमचं एकमत होईपर्यंत टप्! एक कळी माझ्या चपलेवर.

“एक ही तो गिरी है,” आंटी म्हणाल्या, “छह तो हैं न!”

त्या रात्री बाबांचा फोन आला. “कळ्या किती?”

आता नीट ऐका. मी आयुष्यात खोट्याविरुद्ध बारा पत्रकं लिहिली आहेत. मी समोर पाहिलं. दांड्यावर सहा, वाटीतल्या पाण्यात एक.

“सात,” मी म्हणाले.

“सगळ्या खिडकीकडे पाहून राहिल्या न?”

“बहुतेकींचा कल सकारात्मक आहे.”

“अं? ही कोणती मराठी? फोटो पाठव.”

“नेटवर्क नाही बाबा.”

“अगं, नेटवर्कवरच बोलून राहिलो न आपण!”

मी फोन कापला. आई माझ्याकडे बघत होती. पोळी तव्यावर टाकत शांतपणे म्हणाली, “मंत्री बोलल्यासारखं वाटलं मला.”

पाचव्या दिवशी मी मोबाइलवर शोध शोध शोधलं आणि कळलं, की पिकलेल्या फळांच्या वासाने, म्हणजे त्यातून निघणाऱ्या वायूने, ऑर्किडच्या कळ्या गळतात. बैठकीत शुक्ला आंटींची डझनभर केळी पिवळीधमक! मी तत्काळ घरात फळबंदी जाहीर केली. केळी जिन्यात नेऊन ठेवली. नेमका आईचा उपास.

“मी केळं खाऊ कुठे?”

“जिन्यात.”

“मी ऑफिसात जाणारी बाई आहे रेवा, जिन्यात बसून केळी खाऊ?”

“फक्त चार दिवस आई! परिस्थिती असाधारण आहे.”

आई गेली जिन्यात. तेवढ्यात शुक्ला आंटी आल्या. “अरे भाभीजी, झगड़ा हो गया क्या?” आई म्हणाली, “नहीं जी, राज बदल गया.”

ते वाक्य माझ्या वर्मी बसलं. मी घरात निर्बंध आणले होते, आकडे फिरवले होते, फोन कापत होते, जनतेला जिन्यात पाठवलं होतं. पाच दिवस! इतिहासात लोकांना याला निदान पाच वर्षं लागतात. सहाव्या दिवशी सकाळी दुसरी कळी पिवळी पडून गळली. मी वेळापत्रक फाडलं, दहाच्या दहा कुंड्या परत कोपऱ्यात ढकलल्या आणि अकरावीला खिडकीत बसवून तिच्यासमोर हात जोडले. तोपर्यंत तिने ठरवलं होतं काय करायचं ते. पाच कळ्या उमलल्या. सुंदर, पांढऱ्या, मध्ये जांभळी जीभ. पाच फुलं, पाच दिशा! एखाद्या कुटुंबात भांडण झाल्यावर काढलेल्या फोटोसारखी.

रविवारी सकाळी बाबा आले. बॅग खाली ठेवली, बूट न काढता खिडकीकडे गेले. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. वेळापत्रक, पाव फेरा, गच्ची, वाटीतली कळी, नेटवर्क. बाबा ऐकत उभे होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला आरडाओरड्याची सवय आहे, उत्तरं तयार असतात.

“सत्तावीस मिनिटं?” ते म्हणाले.

“हो.”

“तीन उरली असतील.”

“राखीव ठेवली होती.”

“हं.” ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “अकरा जणांना न्याय दिला तू. बारावा मी होतो न बेटा. चार वर्षं.”



मी म्हणाले, “बाबा, प्रदर्शनाला नका नेऊ. लोक हसतील.”

“काहून नको? माल जसा आहे तसा तपासणीला जातो. लपवून नाही ठेवायचा.” एवढं बोलून त्यांनी बूट काढले.

सोमवारी आम्ही ऑटोने निघालो. कुंडी माझ्या मांडीवर. “भैया, धीरे!” मी दर खड्ड्याला ओरडत होते. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा ऑटोवाला वळून म्हणाला, “दीदी, आप हिल रही हो, ऑटो नहीं.”

हॉलमध्ये शिस्तीत उभी ऑर्किडं. सगळ्यांची फुलं एका रांगेत, एका दिशेला, शाळेच्या प्रार्थनेसारखी. आणि त्यांच्यात आमचं! परीक्षक म्हणजे एक वयस्कर, सुती साडीतल्या बाई, हातात भिंग. इतर कुंड्यांपाशी त्या दोन-दोन मिनिटं थांबल्या. आमच्यापाशी आल्या आणि थांबल्याच. समोरून पाहिलं. टेबलाला वळसा घालून मागून पाहिलं. मुळं पाहिली, पानाची खालची बाजू पाहिली, वाकून कोळशात बघणारं फूल पाहिलं. बाबा ताठ उभे.

“इसे घुमाया किसने?”

“जी, इसने,” बाबा म्हणाले. एक क्षणही न लावता!

बाईंनी भिंग माझ्याकडे वळवलं. आईशप्पथ, भिंगातूनच पाहिलं मला. त्या वेळी मी फक्त शेजारच्या कुंडीवरची चिठ्ठी सरळ करत होते. मग त्यांनी कार्डावर दोन ओळी लिहिल्या आणि पुढे गेल्या.

बक्षीस मिळालं नाही. शेवटून दुसरा नंबर. मी बाबांकडे बघायचं धाडस केलं, तर माणूस फुलला होता!

“दहा मिनिटं!” ते म्हणाले. “घड्याळात पाहून राहिलो होतो मी. पूर्ण दहा मिनिटं तपासलं बाईंनी! याला म्हणतात तपासणी. सरळ असतं तर दोन मिनिटांत गेल्या असत्या न!”

ते कार्ड आता बैठकीत फ्रेम करून लावलंय. येईल त्या पाहुण्याला बाबा आधी पाणी देतात आणि मग कार्ड वाचून दाखवतात : ‘पौधा पूर्णतः स्वस्थ। देखभाल करने वाली अस्थिर।’ आई म्हणते, रेवाची अशी अचूक तपासणी आजवर कुठल्याच डॉक्टरला जमली नव्हती.

माझा या शेऱ्याला तत्त्वतः विरोध आहे. मी त्याला मुद्देसूद, सविस्तर, लेखी उत्तर देणार आहे. एका जागी बसायला जमलं, की लगेच!