बुजवलेल्या फटीतलं ऊन

आधीच सांगतो, भुतं, चमत्कार असल्या भानगडींवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी आर्किटेक्ट आहे. ऊन कुठून येणार आणि कुठे पडणार, हे मी कागदावर काढून देतो. म्हणूनच हा प्रकार माझ्या जास्त डोक्यात जातो...

गोष्ट अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची. नाशिकरोडच्या पुढे एक नवं कॅथलिक चर्च — माझं पहिलं स्वतंत्र काम. मध्ये एकही खांब नाही, सगळी मोकळी जागा, आणि वेदीमागच्या पूर्वेच्या भिंतीत थेट छतापर्यंत वीतभर रुंद फट. देवळात सकाळी मूर्तीवर ऊन पडतं ना, तेच माझ्या मनात होतं. पण काम संपेपर्यंत त्या भिंतीला बाहेरून परांची आणि तिच्यावर ताडपत्री, उद्घाटन संध्याकाळी, आणि पहिल्या रविवारी मी घोटीला दुसऱ्या साइटवर. म्हणजे ते ऊन मी पाहिलंच नाही.

सोमवारी फादरांचा फोन. "अहो, रविवारची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, मी लोकांकडे तोंड करून अर्पण करतो. ऊन माझ्या पाठीमागून येतं. त्यांना माझा चेहराच दिसत नाही! बुजवा ती फट."

हे मला आधी सुचू नये? चरफडत बुजवली. विटा, प्लास्टर, वर पांढरा रंग.

रविवार झाला, पुन्हा फोन. "मी वळून पाहिलं तर भिंत. पण लोकांच्या तोंडावर ऊन आहे हो!"

धावत गेलो. भिंत आतून-बाहेरून ठोकून पाहिली. केसाएवढी चीर नाही. पुढच्या मिस्सेला मागच्या बाकावर बसलो, तर सगळे डोळे बारीक करून, कपाळावर हात धरून बसलेले. मला मात्र नुसती भिंत! सगळे मिळून माझी टिंगल करताहेत, अशी माझी खात्रीच झाली. असा संताप आला...

म्हणून त्यानंतरच्या रविवारी बायकोला नेलं. तिला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. मिस्सा सुरू झाली आणि तिने पदर पुढे ओढला.

"अहो, थोडं सरका ना. ऊन थेट डोळ्यांत येतंय." मग हळूच म्हणाली, "पण काय सुंदर केलंय हो तुम्ही!"

फादरांनी शेवटी वेदी बाजूला घेतली, तक्रारी थांबल्या. कारण मला आजही सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आता ते नकोच आहे. मला फक्त ते ऊन बघायचंय. एकदा! माझ्या हातचं पहिलं काम, आणि ते न दिसणारा अख्ख्या चर्चमध्ये मी एकटा.

मध्यंतरी न राहवून बायकोला विचारलं, "दिसतं तरी कसं गं?"

भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "उन्हासारखं. अजून कसं दिसणार?"