सव्वाअकराला थरथरणारे पट्टे

लॅबमधल्या निरीक्षणांच्या वह्या दर उन्हाळ्यात रद्दीत जातात. किस्से कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून तेवढे उरतात. एकोणीसशे साठच्या आसपास मी साताऱ्याहून जयपूरच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून गेलो. ऑप्टिक्सची लॅब आपटे सरांकडे. त्यामुळे परमुलखातही बोलणी मात्र मी मराठीतूनच खाल्ली.

माथुर नावाच्या विद्यार्थ्यानं सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी काढली. उत्तर पुस्तकाशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं. सरांनी त्याची पाठ थोपटली आणि दिवा कुठला घेतला ते विचारलं. तो म्हणाला, कोपऱ्यातला.

"अच्छा," सर म्हणाले, "मतलब ठीक हो गया? सोमवार से बंद पड़ा था."

भंवरलालजी आमचे लॅब असिस्टंट. आंधी आली की बंद खिडक्यांतूनही रेती आत यायची, आणि ते एकेक भिंग पुसून ठेवायचे. एकदा विलायतेहून ग्रेटिंग आलं. काचेवरच्या पातळ पापुद्र्यात हजारो बारीक रेघा, प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या. दुसऱ्या सकाळी मी त्यातून पाहिलं, तर नुसती काच.

भंवरलालजी समाधानानं म्हणाले, "साब, उस पर तेल लगा था, सात रंग चमक रहे थे. रगड़के निकाल दिया."

सर दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी जुनं ग्रेटिंग काढलं, भंवरलालजींना शेजारी बसवलं आणि तासभर त्यातले रंग दाखवले.

मग सरांचं स्वतःचं काम. उष्णतेनं काच किती फुगते, ते प्रकाशाच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांवरून मोजायचं. वर्षाची मेहनत, अहवाल पाठवायची वेळ आली, आणि पट्टे थरथरायला लागले. मी तीन आठवडे नोंदी घेऊन आलेख काढला. रोज सव्वाअकरा ते साडेअकरा! सरांनी संशय घेतला रस्त्यानं जाणाऱ्या लष्कराच्या ट्रकांवर, आणि छावणीला कडक पत्र धाडलं.

एक कॅप्टन स्वतः आले. त्यांनी अदबीनं सांगितलं, की ट्रक सकाळी सातला जातात ते थेट संध्याकाळी परततात. आम्ही तिघं उपकरणापाशी थांबलो. सव्वाअकराला पट्टे हलले. कॅप्टननी मागच्या भिंतीला कान लावला.

"प्रोफेसर साहब, इधर कौन रहता है?"

तिकडे सरांचंच क्वार्टर होतं. आम्ही वळसा घालून गेलो. त्याच भिंतीला टेकून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, लोखंडी खलबत्त्यात दाण्याचं कूट करत होत्या. तिघांना बघून त्यांनी विचारलं, "चहा टाकू का?"

सरांनी चहा घेतला, कॅप्टनना फाटकापर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या दारावर सरांच्या अक्षरात सूचना लागली: सूक्ष्म मापनं यापुढे दुपारी दोननंतर.