चटणीचा पुरावा

कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षभर भाजी-आमटीत घालायचं कांदा-लसणाचं लाल, भुरभुरीत तिखट. ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागते, हे उचगावच्या नजीराला यंदाच्या एप्रिलपर्यंत ठाऊक नव्हतं. मिरची भाजण्यापासून पाकिटं भरण्यापर्यंत सगळं ती स्वतः करते. लसूण किती घालायचा त्यात तर नवऱ्याला, लालासाबलाही, तोंड घालू देत नाही.

पोरीनं, मेहकनं, गेल्या वर्षी वेबसाइट काढून दिली. गिऱ्हाइकानं मोबाइलवर भरलेले पैसे थेट आपल्या खात्यात येत नाहीत, हे तिनं तेव्हाच समजावलं होतं. ते आधी मधल्या कंपनीकडं जातात. कंपनी आपला वाटा कापून दोन-तीन दिवसांनी बँकेत सोडते. तक्रार आली तर अडवूनही ठेवते. नजीराला ते पटलं नव्हतं, पण पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी येऊ लागल्यावर तिनं तो विषय सोडला.

एप्रिलमध्ये, वर्षाची मिरची भरायच्या ऐन दिवसांत, लखनौच्या एका बाईनं तिच्या बँकेत तक्रार केली. चटणी म्हणजे ओली, वाटलेली, अशी तिची समजूत; चटणी मागवली आणि आली पावडर, आपली फसवणूक झाली. त्या ऑर्डरीचे पैसे तर नजीराच्या हिशेबातून कापले गेलेच, पण चौकशी होईपर्यंत कंपनीनं तिचे बाकीचेही सगळे पैसे थांबवले. ऑर्डरी मात्र येतच होत्या. माल वेळेत गेला नाही तर आणखी तक्रारी होणार, आणि मिरचीचा व्यापारी उधारीला तयार नव्हता.

वस्तू वर्णनाप्रमाणेच आहे याचा पुरावा द्या, असं कंपनीनं कळवलं. नजीरानं डब्यात हात घालून मेहकला व्हिडिओ काढायला लावला.

"ही चटणी," ती म्हणाली. "माझी आईबी हिलाच चटणी म्हणायची."

कंपनीच्या पानावर व्हिडिओ चढेना; तिथं फक्त कागद चालत होते. हेल्पलाइनचं गाणं ऐकता ऐकता तव्यावरची भाकरी करपली. शेवटी फोनवर आलेला मुलगा अदबीनं मॅम मॅम करत म्हणाला, निर्णय आमच्या हातात नाही, ग्राहकाची बँक ठरवते. मग पैसे कुणी धरलेत, असं नजीरानं विचारलं. त्यावर त्यानं, आणखी काही मदत हवी आहे का, असं विचारलं.

निकाल लखनौच्या बाईच्या बाजूनं लागला. वस्तूचं नाव बदललंत तर बाकीचे पैसे सोडू, असं कंपनीनं कळवलं. नजीरा अडून बसली. लालासाब रिकाम्या पोत्यांकडं बघत म्हणाला, "नाव वाचून कोण जेवतंय? बदल की."

साइटवर आणि पाकिटावर 'मसाला पावडर' आलं. पैसे सुटले, मिरची आली.

पहिल्याच आठवड्यात बिद्रीच्या आक्काचा फोन आला. आक्का जुनं गिऱ्हाईक, पण यंदा तिच्या सुनेनं साइटवरून मागवलं होतं.

"नजीरा, पाकिटावर पावडर लिवलंय. काय मिसळलंस गं?"

नजीरानं लखनौ, बँक, कंपनी सगळं सांगितलं. आक्कानं ऐकून घेतलं.

"ते असूदे. आमाला चटणी पायजे. न्हायतर पैसं परत कर."

"करते की आक्का. पण तुमच्या सुनेनं भरलेलं अजून कंपनीकडंच हायत. परवा येतील."

"म्हंजे चटणी तुझी, पैसं आमचं, आन् धरून बसलाय तिसराच?"

"व्हय."

"आन् त्येला चटणी म्हंजे काय तेबी ठावं न्हाय."

नजीरानं फोन दुसऱ्या कानाला लावला. आक्काचं अजून संपलं नव्हतं.