निळ्या घोड्याची भिंत

भिंतीवर गोल करून नाचणारी ती पांढरी काटकुळी माणसं दिसली की माझं डोकं फिरतं. चित्राचा त्यात काही दोष नाही. ते वारल्यांचं चित्र आहे, फार देखणं आहे, आणि राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राच्या अंगाला, त्यांच्या कुडाच्या भिंतींवर ते शोभतं. पण आमच्या नांदेडात ते हॉटेलात आहे, दवाखान्याच्या जिन्यात आहे, मंगल कार्यालयाच्या गेटवर आहे. लातूरला माझ्या भावाच्या दुकानासमोर एक मुतारी आहे, तिच्यावरही आहे. आदिवासी म्हटलं की आमच्या शिकल्यासवरल्या माणसांच्या डोळ्यांपुढे हेच एक चित्र येतं. आमच्याच जिल्ह्यात, किनवट-माहूरच्या डोंगरात, गोंड आहेत, कोलाम आहेत, आंध आहेत, हे त्यांच्या गावीही नसतं.

मी नांदेडच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. माहेर लातूरचं, घरात तीन पिढ्या कापडाचं दुकान, त्यामुळे रंग आणि भांडण दोन्ही लहानपणापासून अंगात. शाळेचं शिबिर किनवटकडे जायचं, तिथं एका गोंड बाईशी माझी ओळख झाली. दिवाळीच्या तोंडावर, दंडारीचे नाचे गावोगाव फिरायला निघण्याआधी, त्यांच्या गावात बायका घरं सारवतात आणि भिंतींवर चित्रं काढतात. ही त्यातली वस्ताद. मी तिला मावशी म्हणायचे. कुणी गरीब गाय असेल असं समजू नका. फटकळ होती, हसायची ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, आणि माझ्या चित्रातली झाडं बघून म्हणाली होती, "बाई, तुमच्या झाडाला कधी पाणीच घातलं न्हाई का कुणी?"

दोन-तीन वर्षांपूर्वी शहरातल्या काही प्रतिष्ठित मंडळींनी सुशोभीकरणाची समिती काढली. धान्याच्या मोंढ्याकडून स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लांबच लांब भिंत आहे, पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेली. तिच्यावर आदिवासी कलाकारांकडून चित्र काढून घ्यायचं त्यांनी ठरवलं. अध्यक्ष माझ्या घरी आले. पांढरा शर्ट, गोड बोलणं. म्हणाले, "मॅडम, अस्सल आदिवासी पाहिजेत. आपल्याच जिल्ह्यातले." मला एवढा आनंद झाला की मी चहात साखर घालायची विसरले. वाटलं, चला, या शहराला अक्कल आली.

मी मावशीकडे गेले. तिनं लगेच हो म्हटलं नाही. मग म्हणाली, "कोणत्या रस्त्याला हाय भिंत?" मी सांगितलं. तिनं पुन्हा विचारून खात्री करून घेतली आणि मगच तयार झाली.

कारण तिची लेक नांदेडला नर्सिंगच्या कॉलेजात होती आणि रोज त्याच रस्त्यानं जायची. मावशीनं मला भाकरी थापता थापता सगळं सांगितलं. कॉलेजजवळच्या एका हॉटेलच्या भिंतीवर ती काटकुळी माणसं होती. मैत्रिणींनी एकदा पोरीला विचारलं, तुमच्याकडं असंच नाचतात का गं, असेच उघडे? आणि हसल्या. त्या दिवसापासून पोरगी किनवट शहरातली आहे म्हणून सांगायला लागली. आईला कॉलेजवर येऊ नको म्हणाली. दिवाळीला घरी आली तेव्हा दंडारी बघायला अंगणातसुद्धा आली नाही.

"तिच्या मैतरणींनी एकदा बघावं, आमचं खरं काय हाय ते," मावशी म्हणाली. "आन् तिनं बी बघावं. विसरून राहिली ती."

एवढ्यासाठी ती बाई आली. आपल्या दोन जावांना घेऊन, किनवटच्या गाडीनं, पांढऱ्या मातीचं आणि गेरूचं गाठोडं मांडीवर घेऊन.

पहिल्याच दिवशी अडलं. त्यांच्या गावची रीत अशी की दुसऱ्याची भिंत रंगवायची तर आधी त्या घरच्या माणसानं ओल्या मातीचा पंजा भिंतीच्या पायाशी उमटवायचा. घर आपलं म्हणायचं आणि मग दुसऱ्याच्या हाती द्यायचं. तोवर कुणी काडी उचलत नाही. मावशीनं अध्यक्षांपुढे मातीचं घमेलं धरलं. अध्यक्षांनी आपल्या शर्टाकडे बघितलं, फोटोवाल्याकडे बघितलं, आणि करंगळीचं टोक बुडवून भिंतीला टेकवलं. "प्रतीकात्मक!" म्हणाले, आणि रुमालाला बोट पुसलं.

मावशी घमेलं धरून तशीच उभी. "असं न्हाई चालत. घर कुणाचं हाय हे? कुणाचंच न्हाई का?"

मोठ्या पंचाईतीचा प्रश्न होता तो आणि अजूनही आहे. शेवटी ती माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही तर नांदेडच्या ना?"

"मी लातूरची, मावशी. इथं लग्न करून आलेले."

"मग तर झालंच! सूनच लावते आमच्यात."

मी मनगटापर्यंत हात बुडवला आणि भिंतीच्या पायाशी पंजा उमटवला. खरं सांगते, वीस वर्षं या गावात राहून, या गावचं मीठ खाऊन मला जे वाटलं नव्हतं ते त्या चिखलानं वाटलं.

मग काम सुरू झालं. सिमेंटवर माती धरेना, तर मावशीनं अजिबात खळखळ न करता समितीनं दिलेले रंगाचे डबे उघडले. निळा डबा उघडल्यावर तर ती खूष. "ये बापा, हे लई झकास हाय!" शिंदीची काडी चावून तिचा ब्रश केला आणि सुटली. मोरपिसांचे भले मोठे टोप घातलेले दंडारीचे नाचे आले. मोहाचं झाड आलं, त्याच्याखाली फुलं वेचणाऱ्या बायका आल्या. देवाचा घोडा आला, भिंतीच्या मधोमध, हत्तीएवढा, निळाशार. आणि घोड्याच्या मागे डबे जोडत जोडत किनवटची आगगाडी आली, खिडक्याखिडक्यांतून तोंडं काढलेल्या माणसांसकट. रस्त्यानं जाणारे हमाल थांबून बघायचे. एका भाजीवालीनं गाडीच्या खिडकीतली एक बाई दाखवून ही मीच आहे म्हणून शेजारणीशी पैज लावली.

समितीची मंडळी संध्याकाळी यायची आणि हनुवटी खाजवायची. एक जण म्हणाले, "आदिवासींमध्ये निळा रंग नसतो ना, मॅडम?"

"मग मोर कोणत्या रंगाचा असतो साहेब, तुमच्याकडे?" मी विचारलं.

दुसरे म्हणाले, "आदिवासी चित्रात रेल्वे कशी?" त्याला मावशीनंच उत्तर दिलं. "तिच्यातच बसून आलो की आम्ही. तुम्हाला काय वाटलं, झाडावरून उड्या मारत आलो?" हमाल खो खो हसले. समिती हसली नाही. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, पण आपण आपल्याच रंगात.

त्याच दिवसांत एकदा लेक आली. म्हणजे आली नाही, गेली. कॉलेज सुटल्यावर पांढऱ्या गणवेशातल्या चार-पाच पोरी येताना दिसल्या आणि मावशीचा हात चित्रावरच थांबला. तिनं तो अर्धा वर केला, हाक मारायला. पोरीनं भिंतीकडे एकदा बघितलं, आईकडे बघितलं की नाही कोण जाणे, आणि मोबाइलमध्ये तोंड घालून मैत्रिणींबरोबर निघून गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशी वर गेलेल्या हातानं घोड्याची आयाळ काढत म्हणाली, "परीक्षा हाय तिची. घाईत आसंल."

चित्र पुरं झालं. बायका गावी गेल्या. उद्घाटन महिन्याभरानं, तोवर थोडं टचअप करतो, असं अध्यक्षांनी कळवलं. मी भाच्याच्या लग्नासाठी लातूरला गेले. तिथं अण्णा, माझा मोठा भाऊ, मला मुद्दाम गंजगोलाईच्या बाजूला फिरवून म्हणाला, "बघ, एकाच कंत्राटदारानं सगळं गाव रंगवलंय. साचा हाय त्याच्याकडं पत्र्याचा. भिंतीला लावायचा, वरून फवारा मारायचा, की नाचली माणसं." मी म्हटलं, "तुमच्या लातूरला तेच नशिबी. आमच्या नांदेडला खरी माणसं आणलीत." केवढा तोरा होता मला!

उद्घाटनाच्या सकाळी मी परतले आणि मावशीला व तिच्या जावांना घ्यायला स्टेशनवर गेले. तिघी नव्या साड्या नेसून आल्या होत्या. लेकीच्या कॉलेजच्या पोरींना समारंभाला बसवणार आहेत हे त्यांना कळलं होतं. रिक्षा मोंढ्यावरून वळली, मांडव लागला, आणि मावशी रिक्षातूनच वाकून म्हणाली, "बाई, रस्ता चुकून राहिलो का आपण? ही दुसरी भिंत हाय."

भिंत तीच होती. वीटकरी रंगाची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यावर गोल करून नाचणारी पांढरी काटकुळी माणसं. एका वर्तुळातला एक नाच्या पाय मोडल्यासारखा होता, साच्याचा पत्रा तिथं वाकला असणार. हाच पाय मोडलेला नाच्या मी चार दिवसांपूर्वी लातूरला बघितला होता.

मावशी खाली उतरली. घोडा जिथं होता तिथं गेली. मग भिंतीच्या पायाशी बसून ती माझा पंजा शोधायला लागली. तोही नव्हता.

मी अध्यक्षांना मांडवातच गाठलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण लातूरच्या दुकानात गिऱ्हाइकानं फाटकं लुगडं परत आणल्यावर माझी आजी जे बोलायची त्यातलं बरंच होतं. अध्यक्षांना मनापासून कळेना, ही बाई चिडली कशासाठी. ते मला समजावायला लागले. "मॅडम, त्या चित्रात आदिवासीपणा दिसत नव्हता. पाहुणे बाहेरून येणार, त्यांना ओळखू तर आलं पाहिजे! आणि श्रेय आपण त्यांनाच दिलंय, बघा."

भिंतीच्या टोकाला खरंच एक पाटी रंगवली होती. किनवटच्या आदिवासी भगिनींची कला, आणि खाली मावशीच्या गावाचं नाव. गोंडांनी काढलेलं पुसायचं, कारण ते आदिवासी दिसत नाही. पत्र्याच्या साच्यानं काढलेलं ठेवायचं, कारण ते दिसतं. आणि नाव मात्र त्यांचं लावायचं! चोर ते चोर, वर शिरजोर, असं म्हणावं तर हा माणूस चोरसुद्धा नव्हता. आपण मोठं पुण्याचं काम केलं अशा समाधानात तो शालींच्या पिशव्या मोजत होता. अशा माणसांचं काय करायचं हे मला आजही सुचलेलं नाही.

मी मावशीला म्हटलं, चला, परत जाऊ. ती नाही म्हणाली. "पोरी आल्या ना बाई. मी गेले तर तिला काय वाटंल?" खुर्च्यांवर पांढऱ्या गणवेशातल्या पोरी बसल्या होत्या. लेक दुसऱ्या रांगेत होती, मान खाली घालून.

भाषणं झाली. मावशीला वर बोलावलं. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "या भगिनींनी आपल्या पारंपरिक नृत्याचं हे चित्र..." आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसऱ्या रांगेतून आवाज आला. "सर."

पोरगी उभी राहिली होती. सगळ्या माना वळल्या तरी खाली बसली नाही. "सर, हे माझ्या आईनं काढलेलं न्हाई. हे आमचं न्हाईच. आईनं घोडा काढला होता, निळा. मोहाचं झाड काढलं होतं. आगगाडी काढली होती, तिच्यात सोळा खिडक्या होत्या. मी रोज येऊन बघत होते."

अध्यक्षांच्या हातातली शाल तशीच लोंबत राहिली. त्यांनी मावशीला हळूच विचारलं, "ही कोण?" माइक चालूच होता.

"लेक हाय माझी," मावशी म्हणाली. मांडवाबाहेरच्या हमालांनीही ते ऐकलं असेल.

तिनं शाल घेतली नाही. आमच्या गावाचं नाव तेवढं भिंतीवरून काढा, म्हणाली. बघू, करू, असं झालं. म्हणजे होणार नव्हतं. राहिलेला निळा डबा माझ्या घरी होता. दुसऱ्या दिवशी भरउन्हात, लोकांच्या देखत, मी त्या पाटीवर तो निळा रंग फासला आणि समितीला फोन करून मीच फासला म्हणून सांगितलं. मला लोक विचारतात, वरचा रंग उडून खालचं चित्र कधी दिसायला लागलं का हो? नाही. चांगल्या कंपनीचा रंग आहे, उन्हापावसाला दाद देत नाही. ती माणसं अजून नाचताहेत, पाय मोडलेला तोही, आणि शाळेत जाताना माझं रक्त रोज तितकंच उकळतं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मी तिघींना गाडीत बसवायला गेले होते. लेकही आली होती, गणवेशातच. तिच्या दोन मैत्रिणीही होत्या, आणि त्या मावशीला घोडा निळाच का म्हणून विचारत होत्या. मावशी नुसती हसत होती. गाडी सुटता सुटता तिनं मला खिडकीजवळ बोलावलं. मला वाटलं, भिंतीबद्दल काही म्हणेल, शिव्या देईल. मीही द्यायला तयारच होते.

"बाई," ती म्हणाली, "खिडक्या मला बी म्हाईत नव्हत्या किती हायत. तिनं मोजल्या."