हिरव्या भोकातली पिवळी पिन

आई ऊसतोडीला गेली असताना फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीतच वारली. घरात तिचा फोटो म्हणाल तर आधार कार्डाची झेरॉक्स, तीही काळी पडलेली. हलती-बोलती आई एकाच ठिकाणी उरली होती, बहिणीच्या लग्नाच्या सीडीत. तिथंही कॅमेऱ्यापुढून पळायची. सापडली ती आहेर करताना, दोन-तीन मिनिटं. त्यातही व्हिडिओवाल्याने तिच्या तोंडावरून बदामाच्या आकाराचे फुगे सोडलेले. त्या माणसाचा मला अजून राग येतो.

मग आबांना काचबिंदू निघाला. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही फार दिवसांची नाही. पाथर्डीच्या एस.टी.त आबा एवढंच बोलले, "लग्नाची सीडी लाव. तुझ्या मायला एकदा धड बघू दे."

जुना टीव्ही केव्हाच भंगारात गेला होता. नवा पातळ, भिंतीवरचा. सीडी प्लेअरच्या वायरीला पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिना, आणि टीव्हीमागे पिवळं भोकच नाही. हिरवं, निळं, लाल, पुन्हा एक लाल, पांढरं. बाजूला एचडीएमआयच्या चपट्या खाचा. गल्लीतल्या निम्म्या घरांचे डिशचे डबे मीच जोडलेले, मग कुणाला विचारायला मला कमीपणा वाटला. हिरव्याखाली बारीक अक्षरांत 'व्हिडिओ' लिहिलं होतं. लाल-पांढऱ्या पिना आवाजाच्या जागी लावल्या, पिवळी हिरव्यात खोचली. रिमोट दाबल्यावर पडद्यावर दोन नावं आली, 'एव्ही' आणि 'कंपोनंट'. हिरवं-निळं-लाल म्हणजे कंपोनंट, एवढं मला ठाऊक होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला मी, तेच निवडलं.

चित्र आलं, पण काळंपांढरं.

आबा पडद्याला नाक लावून उभे होते. "रंग कुठं गेला रं?"

"सीडी जुनी झाली, आबा. रंग उडालाय."

"आसं व्हय." ते बराच वेळ हाताने पडदा चाचपत राहिले. "हिरवं लुगडं हुतं तिचं. मीच आनल्यालं. ह्यात कळंना मला, ती कोन अन् बाकीच्या कोन." मग कॉटवर जाऊन बसले.

दिवाळीपर्यंत त्यांची नजर पूर्ण गेली.

संक्रांतीच्या सुमारास शेजारणीला मुलाच्या बारशाची सीडी बघायची होती. तिच्याही टीव्हीला तसंच हिरवं भोक. मी तशीच पिवळी पिन खोचली, पण घाईत बोट पडलं ते 'एव्ही'वर, आणि पडदा रंगांनी भरला. पिन तेव्हाही बरोबरच होती. चुकलं होतं ते रिमोटचं एक बटण.

तसाच घरी आलो आणि आमची सीडी 'एव्ही'वर लावली. गर्द हिरव्या लुगड्यातली आई बायकांच्या घोळक्यात लांबूनसुद्धा ओळखू येत होती. बँडचा आवाज ऐकून आबांनी कॉटवरून मान वळवली.

"रंग आला का रं?"

खरं सांगायचा धीर मला झाला नाही.

"न्हाई, आबा. उडाल्याला रंग कुठनं यायचा?"

"मंग बंद कर. उगं कशाला लावायचं."

मी नुसता आवाज बंद केला. आबा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मला माझीच लाज वाटत होती, तरी सीडी संपेपर्यंत मी एकटाच आईकडे बघत बसलो.