दातांतला आवाज

तीनशेच्या वर रेकॉर्डवर त्याचा सॅक्सोफोन होता. त्यांतली एकही त्यानं ऐकलेली नव्हती.

सगळे त्याला भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लावलेला माणूस. सकाळी जाहिरातीचं रेकॉर्डिंग, दुपारी सिनेमाचं पार्श्वसंगीत, संध्याकाळी क्लबात जॅझ. मध्ये तासभर मोकळा मिळाला की आणखी कुणाची तरी रेकॉर्ड. कुणाच्या घरी गेला तर चहा उभ्यानंच प्यायचा. "बसा की," म्हटलं तर म्हणायचा, "बसलो की उठायला वेळ जातो."

बायको घरी पडदे शिवायची. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, मोठ्या खिडक्यांचे. ती म्हणायची, "ह्यांच्या पायाला भिंगरी अन् तोंडाला पिपाणी. संसार माझ्या मशीनवर."

वाजवायला शिकवलं मामानं. मामा पोलीस बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. पहिला सॅक्सोफोन जुनाच मिळाला. त्याची बोटानं दाबायची एक चावी रबरबँडनं बांधलेली होती. एकोणिसाव्या वर्षी पहिलं रेकॉर्डिंग झालं आणि तिथं त्याचा एक सूर घसरला. बँडप्रमुखानं पुन्हा वाजवायला लावलं. चौदा वेळा. सूर बरोबर होत गेला आणि गाणं मरत गेलं. शेवटी ठेवला तो पहिलाच टेक, घसरलेल्या सुरासकट. त्या दिवशी त्यानं कानाला खडा लावला. एकदा वाजवायचं. सॅक्स पेटीत, पेटी बंद. पुढचा स्टुडिओ.

बेचाळीस वर्षं त्यानं हे पाळलं. वाजवलेलं कसं झालं, हेही कधी ऐकलं नाही. "पाहुणा गेला. आता दारात उभं राहून हात कशाला हलवायचा?"

मग समोरचे वरचे दोन दात हलायला लागले.

सॅक्सोफोन ओठांनी वाजतो असं लोकांना वाटतं. पण वरचे दात माउथपीसवर टेकलेले असतात. त्याच्या माउथपीसवर ह्या दोन दातांनी दोन खाचा पाडल्या होत्या, उंबऱ्यावर पावलांनी पाडाव्यात तशा. त्यानं दातांचं कुणाला सांगितलं नाही. सात महिन्यांत अकरा रेकॉर्ड केल्या. आग लागलेल्या घरातून सामान बाहेर फेकावं तशा.

बायकोनं ओळखलं ते सफरचंदावरून. हा माणूस जन्मभर चावून खाणारा. आता सुरीनं फोडी करत होता.

"आ करा."

"मी काय लहान पोर आहे?"

"आ करा म्हणते ना!"

दात काढावे लागले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नवे दात दाखवले. सरळ, पांढरे, देखणे. बायकोनं ते पाहिले आणि माउथपीस रुमालातून काढून टेबलावर ठेवलं. "काज आधीचं आहे, बाई. गुंडी त्या मापाची हवी. देखणी नसली तरी चालेल." डॉक्टरीणबाई आधी हसल्या. मग त्यांनी खाचांचं माप घेतलं.

दात चपखल बसले. एक किंचित लांब, एक किंचित तिरका, अगदी पहिल्यासारखे. घरी येऊन त्यानं सॅक्स तोंडाला लावला. एक सूर लांबवला. थांबला.

"नाही."

"काय नाही?"

"आवाज डोक्यात येत नाही."

आजवर आवाज दातांतून वर चढायचा. हाडातून जाऊन कपाळामागे घुमायचा. जाड, ऊबदार, डोकंभर. चाळीस वर्षं तो त्याच आवाजाच्या आत राहिला होता. आता आवाज फक्त कानांनी यायचा, बाहेरून, इतरांना येतो तसा. शेजारच्या खोलीत कुणीतरी वाजवत असल्यासारखा.

ड्रम वाजवणारा जाड्या त्याचा तीस वर्षांचा जोडीदार. तो भेटायला आला.

"दातच गेलेत ना? अक्कलदाढ तर तुला नव्हतीच कधी."

"आवाज गेलाय."

"आवाज तोच आहे रे. शप्पथ."

"तुला काय कळतंय? जन्मभर कातडं बडवलंस."

तीन महिने तो घरात होता. घरात राहणं त्याला कधी जमलंच नव्हतं. दारापासून शिलाई मशीनपर्यंत, मशीनपासून दारापर्यंत. कापड पसरलेलं असलं की त्यावरूनच. सॅक्समध्ये बसवायच्या वेताच्या पातळ पट्ट्या त्यानं डबाभर आणल्या, तासल्या, बदलल्या. आवाज बाहेरच राहिला. एक अख्खा पडदा बायकोनं वीतभर आखूड कापला आणि कात्री खाली ठेवली.

"बसा हो! नाहीतर मला तरी बाहेर जाऊ द्या."

तो थांबला. "सोमवारचं एक रेकॉर्डिंग घेतलंय. त्यात आवाज लागला नाही तर सॅक्स देऊन टाकतो. कायमचा."

"मग काय करणार?"

"पडद्यांना हुक लावीन."

"दुसऱ्या दिवशी पळून जाल," ती म्हणाली. तिला हसू आलं नाही. सोमवारी तीही निघाली. पिशवीत शिवण घेऊन.

स्टुडिओ तोच होता. भोकांच्या पांढऱ्या भिंती, झिजलेला गालिचा, खिळ्याला टांगलेले हेडफोन. ते त्यानं कधीच घातले नव्हते. अलीकडे ड्रमवर जाड्या, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसला होता. रेकॉर्डिस्टबरोबर ह्याच खोलीत भिंगरीनं कितीतरी रेकॉर्ड केल्या होत्या. अकरा वाजता वाजवायला सुरुवात झाली. सव्वाअकराला टेक संपला. भिंगरीनं पेटी बंद केली.

"मस्त झालं, काका," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"ऐकव."

जाड्यानं वर पाहिलं. रेकॉर्डिस्ट गोंधळला. इतक्या वर्षांत काकांनी असं कधी म्हटलं नव्हतं. घाईघाईत त्यानं बटण दाबलं.

खोलीत सॅक्स वाजू लागला. भिंगरीनं उभ्या उभ्या ऐकलं. मिनिटभरच.

"बंद कर. ऐकलंत? कोरडा. कुणी लाकूड तासतंय जसं. सांगत होतो ना मी? संपलं." त्यानं पेटी उचलली आणि जाड्यासमोर धरली. "घे. कुणाला द्यायचा त्याला दे."

रेकॉर्डिस्टचा चेहरा उतरला. तो काचेमागून धावत आला.

"काका, थांबा. ही चुकून लागली. आज आवाज जुळवायला म्हणून ह्याच गाण्याची जुनी रेकॉर्ड काढून ठेवली होती. ही नऊ वर्षांपूर्वीची आहे."

जाड्यानं पेटी घेतली नव्हती. ती हवेतच राहिली.

"नऊ?" भिंगरी म्हणाला.

"हो."

"तेव्हा दात होते."

"होते की."

त्यानं जाड्याकडे पाहिलं. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही हे ऐकत होतात?"

"हेच."

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलणार?" जाड्या म्हणाला. "आम्हाला आवडत होतं."

तो बायकोकडे वळला. ती दाराशी उभी होती. "मला विचारू नका. लग्नाआधी खिडकीखाली येऊन वाजवायचात, तो हाच आवाज. मला दुसरा माहीत नाही."

"आतला फार मोठा होता गं."

"असेल. तो तुम्ही एकट्यानंच ऐकलात."

त्यानं दाराकडे पाहिलं. सवयीनं पाय तिकडे वळलेही. तीनशे रेकॉर्ड. सगळ्यांवर हाच परका, कोरडा माणूस वाजवत होता, आणि लोक त्यालाच ओळखत होते. त्याची न् ह्याची गाठ आज पडली.

त्यानं पेटी खाली ठेवली. उघडली. मग खिळ्यावरचे हेडफोन काढले, फुंकून धूळ उडवली आणि दोन्ही कानांवर घट्ट बसवले.

"परत," तो म्हणाला.

"काय परत, काका?"

"टेक. दुसरा."

जाड्याच्या हातून काठी पडली. रेकॉर्डिस्ट काचेमागे पळाला. भिंगरीनं वाजवलं. मध्येच थांबला, मान हलवली. "परत." पुन्हा वाजवलं. एका जागी सूर जरा रुंद झाला. तो सापडतोय असं वाटलं आणि निसटला. त्याचा पाय गालिच्यावर एकसारखा आपटत होता.

"परत."

"अरे बाबा," जाड्या म्हणाला, "आज काय चौदा करणार का?"

"पंधरा," भिंगरी म्हणाला. "काठी उचल."

बायकोनं खुर्ची ओढली, पिशवीतून पडद्याची किनार काढली आणि सुईत दोरा ओवला.