मागीर सीटां काड

बोल्ट फिरवला की खालचा नटही त्याच्याबरोबर फिरायचा. वर पाना घालून मी घामाघूम, आणि खाली तो नट मजेत गिरक्या घेतोय. मग गाडीच्या पोटाखाली शिरून नट धरावा, तर वर बोल्ट धरायला कुणी नाही. माणूस एक आणि कामाची टोकं दोन. त्या रविवारी केरीत, सुरूच्या झाडाखाली, मी त्या गाडीला इतक्या शिव्या दिल्या की शेवटी माझी मलाच लाज वाटली.

गाडी माझी नव्हतीच. मालक साखळी गावचे. लांबलचक फोर व्हील ड्राइव्ह, पूर्वी डिचोलीकडं खाणीवर चाललेली. लाल माती अजून तिच्या सांध्यासांध्यांत. मागं दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागून समोरासमोर दोन लांब सीटं, बाकड्यासारखी. मी निपाणीकडचा. सातवीतून शाळा सोडून तंबाखूच्या वखारीत गेलो, पुढं ड्रायव्हर झालो. चाळिशी उलटलेल्या माणसाला परमुलखात काम कोण देतं? यांनी दिलं. माझे कागद बघायच्या आधी हातात किल्ली ठेवली. ते मी विसरत नाही, आणि म्हणूनच पुढचं सगळं जिवाला जास्त लागलं.

काम पेडण्यात. सकाळी जमीन मोजणारी माणसं घेऊन डोंगर चढायचा, संध्याकाळी त्यांना खाली आणायचं. केरीत राहायला खोली शोधली, पण तिथं खोल्या पर्यटकांसाठी. माझ्यासारख्याला बघून दार अर्धंच उघडायचं. मालकांनी ओळखीच्या एका मावशींच्या अंगणात गाडी लावायची सोय केली. म्हणाले, सध्या गाडीतच झोप.

झोपायचो, पण कसा? सीट इतकी अरुंद की झोपेत खाली पडायचो, म्हणून दोन सीटांच्या मधल्या फटीत मुटकुळं करून. माझी उंची जरा जास्त, आणि पुढच्या बाजूला सामानाची पेटी, त्यामुळं गुडघे छातीशी. आठवडा असा गेला. मग एका सकाळी, ऐन चढावर, गाडीत चार माणसं असताना डाव्या पायात असा गोळा आला की क्लच दाबेच ना. गाडी हातभर मागं सरकली. हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "काय ड्रायव्हर, गावाची आठवण आली काय?"

सगळे हसले, मीही हसलो. पण दिवसभर एक हात हँडब्रेकजवळच राहिला. पाय गेला की काम गेलं. आणि दहा-बारा दिवसांत काम घालवून घरी जायचं म्हणजे दारात उभं राहून सांगायचं तरी काय?

संध्याकाळी मालकांना फोन लावला. रेंज येऊन-जाऊन. म्हटलं, "मालक, झोपताना पाय सरळ होत नाहीत. काय करू?"

ते म्हणाले, "मागीर सीटां काड रे. मागीर न्हिद आरामात."

मी ऐकलं ते असं: मागची सीटं काढ आणि मागं झोप आरामात. इतकं स्वच्छ ऐकू आलं होतं! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मालक असावा तर असा.

म्हणून तो रविवार. एका सीटेला चार बोल्ट, दोन सीटांचे आठ. खारा वारा आणि खाणीचा चिखल, दोघांनी मिळून लोखंडाचा दगड केला होता. मावशी विहिरीवरून आल्या, कळशी कमरेवर, आणि बघत उभ्या राहिल्या.

"किदें रे घाट्या, गाडी भंगारांत घालतलो?"

"मावशी, टोमणे नंतर मारा. हा पाना धरा जरा."

"धरतां. पूण हात मोडलो जाल्यार पेज कोण रांदतलो? तूं?"

पण कळशी ठेवून चढल्या आत. घरातलं खोबरेल आणून प्रत्येक बोल्टवर ओतलं, पान्यावर सगळा भार टाकून बसल्या आणि मी खालून नट फिरवला. पहिल्या सीटेचे चारही निघाले. दुसरीचे तीन. आठव्या बोल्टचं डोकं गोल झालं, पाना धरेचना. दुपार झाली. मी छन्नी लावली, हातोडा घातला, आणि बोल्ट तुटला तो तळाच्या पत्र्याचा तुकडा घेऊनच. हाताचा पंजा जाईल एवढं भोक. त्यावर फळी टाकली, गादी टाकली आणि दुपारी चारला पाय ताणून आडवा झालो. पायांची नखं पेटीला न लागता झोप लागणं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्कूटरवरून आले. मागचं दार उघडलं, आत डोकं घातलं. मग म्हणाले, "हें किदें केलें तुवें?"

"तुम्हीच म्हणालात मालक, मागची सीटं काढ."

"मागीर म्हळ्ळें हांवें! मागीर! पासिंग जातकच!"

गाडीचं पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी, दुसऱ्याच दिवशी होतं. कागदावर जितकी सीटं, तितकी गाडीत दिसायला हवीत. ती माझ्या कृपेनं मावशींच्या गोठ्यात पडली होती.

मावशी हसून हसून पायरीवर बसल्या. त्यांनीच मला समजावलं, की त्यांच्याकडं मागीर म्हणजे नंतर; सीटं काढायची होती ती पासिंग झाल्यावर. आणि मागची सीटं म्हणायची असती तर मालक म्हणाले असते, "फाटलीं सीटां."

"ती फाटलेली आहेतच की," मी म्हटलं.

आता मालकही हसले. मला मात्र हसू येईना. शाळा सोडल्याचं मला एरवी वाईट वाटत नाही, पण त्या क्षणी वाटलं, आणखी चार वर्ग शिकलो असतो तर निदान "म्हणजे कधी?" असं विचारायचं तरी धाडस झालं असतं. मी विचारत नाही. मोठ्या माणसाला दोनदा विचारलं तर तो चिडेल, या धाकातच माझं आयुष्य गेलं.

काढण्यापेक्षा बसवणं वाईट निघालं. पहिली सीट नव्या बोल्टांनी बसली. दुसरीच्या एका कोपऱ्याखाली पत्राच नव्हता. पेडण्याचा वेल्डर आणला. त्याला मी तीन-तीनदा सांगितलं, हलकंच पकडून ठेव, नंतर काढायची आहे. तो मान हलवत राहिला, आणि चहा घेऊन येईपर्यंत त्यानं चारही पाय तळाला असे डकवले, की गाडी मोडेल पण सीट निघणार नाही.

"घट्ट केलं," तो अभिमानानं म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. मालक म्हणाले, असूं दे, पासिंग तरी होईल.

झालं पासिंग. त्याच दिवशी परत आल्यावर मालकांनी स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून वरून पाना धरला, मी खाली शिरलो, आणि पहिली सीट अर्ध्या तासात बाहेर आली. मी ओरडा खायच्या तयारीनं गाडीखालून बाहेर आलो, पण त्यांनी कपड्यांवरची लाल माती झटकली आणि फक्त म्हणाले, "आतां न्हिद." नोकरी राहिली. दुसरी सीट जिथं होती तिथंच आहे.

तेव्हापासून मी निघालेल्या सीटेच्या जागी, सामानाची पेटी आणि गाडीची भिंत यांच्यामधल्या अरुंद पट्टीत झोपतो. पाय सरळ होतात, पायात गोळा पुन्हा आलेला नाही. मालक अधूनमधून विचारतात, झोप लागते ना? मी लागते म्हणतो, आणि ते खोटं नाही. फक्त कूस बदलायची तर उठून बसावं लागतं, वळावं लागतं आणि मग पुन्हा आडवं व्हावं लागतं. ते त्यांना सांगत नाही. सांगितलं तर त्या वेल्डरला बोलावतील.